पगार रुमालाखाली

पीएचपीवाल्याला किती, जावावाल्याला किती, रिअ‍ॅक्टवाल्याला किती? पुण्यात किती, बंगळुरूत किती, नागपुरात किती? वेब प्रोग्रामरच्या पगारांचे असे तक्ते दरवर्षी नव्याने निघतात आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं ते एकमेकांना पाठवत राहतात. त्यावरून क्लास निवडला जातो, शहर निवडलं जातं, घरच्यांनी काढायच्या कर्जाचा आकडा ठरतो. मी पुण्यात हेच काम करून पोट भरत आलोय. मुलाखत देणारा म्हणून टेबलाच्या एका बाजूला बसलोय, घेणारा म्हणून दुसऱ्याही. म्हणून स्पष्ट लिहितो, हे तक्ते दिशाभूल करतात. पगार ठरतो तो पैसे देणाऱ्याकडे पैसा कुठून येतो यावरून, आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला किती मिळतात हे तुम्हाला ठाऊक नसतं, त्यावरून. भाषा आणि शहर ही या दोन गोष्टी झाकायला वापरलेली निमित्तं आहेत.

आधी भाषेचं बघू. स्टॅक ओव्हरफ्लोच्या जागतिक पाहणीत सर्वाधिक मध्यक पगाराची भाषा २०२२ साली क्लोजर होती, २०२३ साली झिग, २०२४ साली एरलँग. दरवर्षी नवी राणी. आता हडपसर, खराडी, हिंजवडी पालथी घाला आणि झिगवर वेबसाइट लिहिणारा माणूस मागणारी कंपनी मला दाखवा. या भाषा वापरणारे मुळात मूठभर, त्यातले बहुतेक अनुभवी, आणि बरेचसे श्रीमंत देशांत राहणारे. त्यांना जास्त पैसे मिळतात ते ते अनुभवी आहेत आणि श्रीमंत देशात आहेत म्हणून. पीएचपीचं नेमकं उलट. ती भाषा १९९५ सालापासून आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट ज्या वर्डप्रेसवर चालतात ते तिच्यातच लिहिलेलं आहे, आणि ती ढाक्यापासून धुळ्यापर्यंत लाखो लोक लिहितात. त्यातले कितीतरी गावातल्या डॉक्टरची, बिल्डरची, शाळेची साइट करून देतात. त्यांच्या ग्राहकाकडेच पैसा कमी. या सगळ्यांची सरासरी काढली की पीएचपी तळाला जाते, आणि क्लासवाला मुलांना सांगतो, ‘पीएचपी मेली, मर्न शिका.’

मी अशी माणसं जवळून पाहिली आहेत. एकाच वयाचे, एकाच कौशल्याचे, दोघंही पीएचपी लिहिणारे. एक सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या दुकानात, दुसरा थेट परदेशी ग्राहकाचं दुकान सांभाळणाऱ्या छोट्या टीममध्ये. दोघांच्या पगारात चौपट अंतर. भाषा तीच, शहर तेच, काम जवळजवळ तेच. अंतर होतं ते एकाचा ग्राहक रुपयांत घासाघीस करायचा आणि दुसऱ्याचा डॉलरमध्ये बिल भरायचा, एवढंच. हा फरक कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही, कारण त्या तक्त्यांत ‘मालक कोण’ हा रकानाच नसतो.

कर्वेनगर, डेक्कन, वाकड इथल्या क्लासच्या पाट्या बघत मी मोठा झालोय. आधी जावा, मग डॉटनेट, मग अँग्युलर, मग फुल स्टॅक, आता एआय. गुगलने मूळ अँग्युलरजेएसचा आधार डिसेंबर २०२१ च्या अखेरीस काढून घेतला. त्याच्या जोरावर फी उकळणाऱ्यांपैकी कोणी मुलांना पैसे परत दिले? शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देणाऱ्यांनी मागच्या बॅचमधल्या किती जणांना दरमहा हातात किती पडतात, हे कधी भिंतीवर लावलं? बार्शीच्या, परतूरच्या, दर्यापूरच्या घरांतून आलेला पैसा हे लोक पगाराच्या तक्त्याचा धाक दाखवून काढून घेतात. याला मी फसवणूकच म्हणतो.

आता शहर. बंगळुरूचा आकडा पुण्यापेक्षा मोठा दिसतो हे खरं. का दिसतो? तिथे स्वतःचं उत्पादन विकणाऱ्या कंपन्या जास्त आहेत, गुंतवणूकदारांचा पैसा जास्त आहे, मोठ्या परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं जास्त आहेत. पुण्यातही बार्कलेज, डॉइश बँक, मास्टरकार्ड यांची केंद्रं आहेत, आणि अशा केंद्रांतला प्रोग्रामर शेजारच्याच इमारतीतल्या सेवा कंपनीतल्या प्रोग्रामरपेक्षा बरंच जास्त कमावतो. दोघं एकाच पुलावर अडकतात, एकाच टपरीवर चहा घेतात, घरभाडं सारखंच भरतात. शहराने पगार ठरला असता तर हे झालंच नसतं.

राहणीमानाच्या खर्चाचं कारण तर मला सगळ्यात जास्त चीड आणतं. पुण्यातल्या माणसाला बंगळुरूपेक्षा कमी द्यायचं, कारण पुणे स्वस्त. नागपूरच्या मिहानमधल्याला पुण्यापेक्षा कमी, कारण नागपूर स्वस्त. कोल्हापूरच्या मुलीला तर काहीही चालेल, ती घरीच राहते ना! वाकडला दोन खोल्यांच्या फ्लॅटला आज भाडं किती पडतं, हे ज्यांनी भरलंय त्यांना विचारा. प्राप्तिकर खात्याने घरभाड्याच्या सवलतीत कित्येक दशकं ५० टक्क्यांचा मान मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना दिला; पुणे आणि बंगळुरू दोन्ही ४० टक्क्यांच्या यादीत राहिले. सरकारच्या लेखी दोन्ही शहरं एका पायरीवर, आणि पगाराच्या वेळी मात्र एक महाग, एक स्वस्त!

आणि हा न्याय एकाच दिशेने चालतो. फेसबुकच्या मार्क झकरबर्गने मे २०२० मध्ये सांगितलं की जो घरून काम करायला स्वस्त गावी जाईल त्याचा पगार त्या गावाप्रमाणे बदलेल. गुगलने २०२१ मध्ये तसाच हिशेब कर्मचाऱ्यांसमोर ठेवला. पण स्वस्त गावातून झालेलं काम ग्राहकाला स्वस्तात दिलं, असं मी आजवर ऐकलेलं नाही. कोविडच्या काळात साताऱ्यातून, रत्नागिरीतून, उमरखेडमधून मुलांनी रात्र-रात्र कोड लिहिला. वीज गेली तर शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवर लिहिला. माझ्या ओळखीतल्या एकाही प्रकल्पाचा दर त्यामुळे खाली आला नाही. शहराचा स्वस्तपणा कंपनीच्या खिशात जातो. तो पगारातून कापायचा अधिकार तिला दिला कोणी?

आता त्या आकड्याकडे येतो, ज्याने मला हा लेख लिहायला लावला. २०१०-११ च्या सुमारास मोठ्या सेवा कंपन्या कॉलेजातून उचललेल्या इंजिनिअरला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास द्यायच्या. आज हाच आकडा साडेतीन लाखांच्या आसपास आहे. मधल्या काळात देशातल्या किमती दुपटीवर गेल्या. म्हणजे जागेवर राहायलाच साडेसहा लाख हवे होते. त्याहून वाईट हिशेब डॉलरचा. २०१० मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या घरात होता, २०२४ मध्ये ८४ च्या घरात. सव्वातीन लाख म्हणजे तेव्हा सुमारे ७,२०० डॉलर. साडेतीन लाख म्हणजे २०२४ मध्ये सुमारे ४,२०० डॉलर. या कंपन्या कमावतात डॉलर-पौंड-युरोत. त्यांच्या चलनात मोजलं तर मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून येणारा नवा इंजिनिअर चौदा वर्षांत चाळीस टक्क्यांहून अधिक स्वस्त झाला. तो आता गिटही शिकून येतो, क्लाउडही शिकून येतो, रिअ‍ॅक्टही शिकून येतो. कौशल्यं वाढली आणि किंमत पडली.

साडेसहा लाखांचा तो आकडा एकदा कागदावर आलाही होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने ज्या नव्या मुलांना साडेसहा लाखांचं पत्र दिलं होतं, प्रशिक्षण करवून घेतलं होतं, त्यांनाच विचारलं, साडेतीन लाखांवर येता का? ताटकळलेल्या मुलांपुढे दुसरं काय होतं? पुण्यातून काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने आवाज उठवला, चार दिवस बातम्या झाल्या, पुढे सगळं शांत. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटची २ लाख ५२ हजारांची जाहिरात गाजली. कंपनीने खुलासा केला की हा पगार इंजिनिअरसाठी नाही, तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी आहे. म्हणजे बीएस्सी झालेल्या पोराला महिन्याला २१ हजार, तेही कापाकापीच्या आधी, आणि हा खुलासा देताना कुणाला संकोच वाटला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या आवारातून तीनशेवर प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास ठरवून घरी पाठवलं. त्यातल्या अनेकांनी रुजू होण्यासाठीच दोन वर्षं वाट पाहिलेली होती. ही तीच इन्फोसिस, जिचा जन्म १९८१ साली पुण्यात झाला आणि जिच्या संस्थापकांपैकी एकाने २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. सत्तर तासांच्या त्या उपदेशात साडेतीन लाखांचा उल्लेख नव्हता.

कोणी म्हणेल, बाजारच तसा आहे, मुलं जास्त, जागा कमी. बाजार असता तर मी गप्प बसलो असतो. इन्फोसिसचेच माजी अर्थप्रमुख मोहनदास पै यांनी जाहीरपणे म्हटलंय की मोठ्या कंपन्या आपसांत बोलून नवख्यांचे पगार दाबून ठेवतात. आतल्या माणसाचा हा आरोप आहे, त्याची चौकशी कोणी केली? अमेरिकेत अ‍ॅपल, गुगल, इंटेल, अडोबी या कंपन्यांनी एकमेकांची माणसं न फोडण्याचे छुपे समझोते केले होते. तिथल्या न्याय खात्याने २०१० मध्ये कारवाई केली आणि इंजिनिअरांच्या दाव्यात २०१५ मध्ये या चौघांच्या ४१ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीला कोर्टाने मान्यता दिली. आपल्याकडे एका दशकाहून अधिक काळ सगळ्या मोठ्या कंपन्यांचा पहिला पगार जवळजवळ सारखा राहतो आणि स्पर्धा आयोगाला त्यात काही पाहावंसं वाटत नाही.

परवडत नाही, हेही मला ऐकायचं नाही. टीसीएसचा कार्यचालन नफा कैक वर्षं उत्पन्नाच्या २४ टक्क्यांच्या आसपास राहिलेला आहे. बेंचवरची माणसं, इमारती, बस, व्यवस्थापनाचे थर, परदेशातले विक्रेते, हा सगळा खर्च भागवून उरलेला हा पैसा आहे.

पगारपत्रातला आकडाही हातात येत नाही, हे तक्तेवाले कधी सांगत नाहीत. साडेतीन लाखांचे महिन्याला २९ हजार होतात. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचा तुमचा हिस्सा जातो आणि मालकाचा हिस्साही तुमच्याच पॅकेजमध्ये मोजलेला असतो. मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते, आणि कायम नोकरदाराला ती सलग पाच वर्षं टिकल्यावरच मिळते. त्या वयाची किती मुलं एका जागी पाच वर्षं टिकतात? शिवाय विम्याचा हप्ता, ‘व्हेरिएबल’ नावाचा मिळाला तर मिळाला असा भाग, व्यवसाय कर. बँकेत पडतात २३ हजारांच्या आसपास. मग दोन वर्षांचा बाँड आणि तीन महिन्यांची नोटीस. काही छोट्या कंपन्या तर मूळ प्रमाणपत्रंच काढून घेतात. या सगळ्या अटी हातात ठेवून कंपनी सांगते की तुझा पगार बाजाराने ठरवला!

पगार खरा कसा ठरतो, ते मी एका बैठकीत पाहिलं. उमेदवार होती इस्लामपूरकडची मुलगी. कोल्हापूरच्या एका छोट्या कंपनीत तिने चार वर्षं काढलेली. आमच्या तांत्रिक फेरीत ती त्या आठवड्यातल्या सगळ्यांना भारी पडली. तिचा पगार होता ३ लाख २० हजार. जागेसाठी मंजूर होते नऊ लाख. एचआरने पे-स्लिप मागितली, चाळीस टक्के वाढ लावली आणि साडेचार लाखांचं पत्र काढलं. मी विचारलं, नऊ मंजूर असताना साडेचार का? उत्तर आलं, ‘ती घेईल ना.’ मी हरकत लेखी दिली, तिचा उपयोग झाला नाही. वाचवलेले साडेचार लाख त्या तिमाहीत भरती विभागाची कामगिरी म्हणून मोजले गेले. ती मुलगी रुजू झाल्यावर मी तिला तो मंजूर आकडा सांगितला. वर्षभरात तिने नोकरी सोडली, आणि पुढच्या मुलाखतीत पे-स्लिप दाखवायला साफ नकार दिला.

‘करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस किती?’ आपल्या धंद्यातल्या प्रत्येक फोनची सुरुवात या तीन प्रश्नांनी होते. त्यातल्या पहिल्या प्रश्नाने कोल्हापूरची गरीब सुरुवात माणसाच्या पाठीवर जन्मभर लादली जाते. ज्याची सुरुवात कमी, त्याला टक्केवारीतली वाढही कमीवरच. मुलासाठी दोन वर्षं घरी थांबून परत आलेल्या बाईला तर जुन्या पगारावरही कात्री लावतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने जुना पगार विचारायला बंदी घालणारा कायदा २०१६ मध्ये केला, त्यामागे स्त्रियांच्या वेतनाचंच कारण होतं. आपल्याकडे हा प्रश्न विचारणं गैर आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही.

जुन्या काळी आपल्या बाजारपेठांत धान्याचा सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसतं कापड हलताना पाहायचा. नियमन केलेल्या बाजार समित्या आल्या, त्यांनी ही ‘हत्ता’ पद्धत बंद करून उघडा लिलाव आणला. बाजार समित्यांत पुढे काय काय झालं ते ठाऊक असूनही मी म्हणतो की तो रुमाल काढणं ही मोठी गोष्ट होती. आमच्या काचेच्या इमारतींत तो अजून पसरलेला आहे. ‘पगार गोपनीय, सहकाऱ्याशी चर्चा केल्यास कारवाई’ हे वाक्य ऑफर लेटरमध्ये असतं ते याचसाठी.

तलाठ्याचा पगार गावाला ठाऊक असतो. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता कोणीही उघडून पाहावा, कोणत्या स्तराला मूळ वेतन किती ते तिथे छापलेलं आहे. लोकसेवा आयोगाची जाहिरात वेतनश्रेणीशिवाय निघत नाही. म्हणून राज्य कोसळलं नाही. कोलोराडोत २०२१ पासून, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून, कॅलिफोर्नियात २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची कमाल-किमान मर्यादा छापावीच लागते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्देश काढून सदस्य देशांना जून २०२६ पर्यंतची मुदत दिली. त्यात जुना पगार विचारायलाही मनाई आहे. बफर या कंपनीने तर डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या प्रत्येकाचा पगार जगापुढे ठेवला, आणि ती कंपनी आजही चालते आहे. कोलोराडोच्या डेन्व्हरमधल्या जागेची जाहिरात देताना जी कंपनी निमूटपणे किमान आणि कमाल छापते, तीच खराडीतल्या जागेसाठी ‘पगार उद्योगातील प्रथेनुसार’ असं लिहून मोकळी होते. तिला छापता येत नाही असं नाही. इथे तिला छापायला लावणारं कोणी नाही.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा राज्याचाच कायदा आहे. त्यात जाहिरातीत वेतनमर्यादा छापण्याचं आणि जुना पगार न विचारण्याचं कलम घालायला दिल्लीची परवानगी मागत बसायचं कारण मला दिसत नाही. हिंजवडीच्या रस्त्यांवर बैठका घेणाऱ्या आमदारांनी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांच्या पगारावर विधानसभेत एक तरी प्रश्न विचारावा.

आणि कॉलेजांनी आपली लबाडी थांबवावी. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणारी प्रत्येक संस्था नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार केंद्राला कळवते. तो आकडा प्रसिद्धही होतो. पण त्याच संस्थेच्या चौकातल्या फ्लेक्सवर असतं ते ‘हायेस्ट पॅकेज’, एका मुलाचं, फोटोसकट. प्रवेशासाठी आलेल्या पालकांनी फ्लेक्सकडे पाहू नये, प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे तो मध्यक आकडा मागावा आणि तो शाखानिहाय मागावा. अधिकाऱ्यानेही यंदा आवारात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून दरमहा बँकेत पडणारी रक्कम, बाँडची मुदत आणि दंड, मागच्या वर्षी पत्र दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष रुजू करून घेतलेल्यांची संख्या, हे सगळं सही-शिक्क्यानिशी लेखी घ्यावं आणि मुलांच्या नजरेला पडेल असं लावावं. जी कंपनी हे द्यायला तयार नसेल तिला सभागृहाची किल्ली देऊ नये.